ओरिजिनल डीव्हीडी हळू वाचली जाते, राईट केलेली जोरात. मग कॉपी कोणती आधी करायची?

पर्वती_पायथा

नमस्कार मंडळी,

आईचा सदाशिव पेठेत भरतनाट्यमचा वर्ग होता. २००३ ते २०११ मधले वर्गाचे वार्षिक कार्यक्रम, अरंगेत्रम (पहिलं जाहीर सादरीकरण), स्पर्धा हे सगळं शूटिंगवाल्यांनी राईट करून दिलेल्या डीव्हीडींवर आहे. वर्ग बंद झाला, पण जुन्या विद्यार्थिनी आता आपल्या मुलींना दाखवायला रेकॉर्डिंग मागतात. त्याच कपाटात बाबांनी हौसेने घेतलेल्या नाटकांच्या व्हीसीडी आणि सिनेमांच्या ओरिजिनल डीव्हीडीही आहेत. हे सगळं हार्ड डिस्कवर आणायला घेतलंय.

जुन्या डेस्कटॉपमधला साटा (आतल्या केबलने जोडायचा) ड्राइव्ह आहे, खोक्यावर वेग १६एक्स लिहिलेला. इमगबर्न नावाच्या प्रोग्रॅममध्ये इमेज, म्हणजे अख्ख्या चकतीची एका फाइलमधली हुबेहूब प्रत, काढते आहे. आता गंमत बघा. ओरिजिनल सिनेमाची डीव्हीडी, एकही ओरखडा नाही, आरशासारखी लख्ख. ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत ४एक्सच्या आसपास रेंगाळते. आणि २००६ च्या कार्यक्रमाची राईट केलेली, खालून जांभळट, वर कागदी लेबल चिकटवलेली डीव्हीडी ६ ने सुरू होते, ८, १०, १२ अशी चढत जाते आणि शेवटच्या पाचव्या हिश्श्यात एकदम २ वर बसकण मारते. ड्राइव्ह खडखडतो, मग पुढे सरकतच नाही.

कारखान्यात छापलेली चकती चांगली, मग ती हळू का? आणि राईट केलेली शेवटीच का अडते? ड्राइव्ह गेलाय की डीव्हीडी गेल्यात, हे आधी समजून घ्यायचंय. नवीन ड्राइव्ह घ्यायला हरकत नाही, पण चकत्या एकेकच आहेत.

कोथरूड_डेपो

लेन्स साफ केली का? माझ्या ड्राइव्हला धुळीमुळे असंच व्हायचं. पण मग ओरिजिनलही अडकली असती, ती तर अडत नाहीये. वाचतोय, कारण माझ्याकडे मुंजीच्या डीव्हीडी तशाच पडून आहेत.

चकतीवेडा

तुमचा ड्राइव्ह ठणठणीत दिसतोय. त्याने दोन वेगवेगळ्या गोष्टी दाखवल्यात. त्या एकाच आकड्यातून दिसतात म्हणून गोंधळ होतो.

आधी आकड्याचा अर्थ. डीव्हीडीचा १एक्स म्हणजे सेकंदाला साधारण १.३८५ मेगाबाइट, बिट्समध्ये ११.०८ मेगाबिट. सीडीचा १एक्स फक्त १५० किलोबाइट, म्हणून सीडीचे ५२एक्स आणि डीव्हीडीचे १६एक्स यांची तुलना करू नका. डीव्हीडी-व्हिडिओला चित्र, आवाज, सबटायटल मिळून जास्तीत जास्त १०.०८ मेगाबिट लागतात. म्हणजे टीव्हीखालचा प्लेअर १एक्सवर अख्खा सिनेमा निवांत दाखवतो. सिनेमा बघायला १६एक्सची गरजच नाही.

दुसरं, खोक्यावरचा १६एक्स हा चकतीच्या बाहेरच्या कडेचा वेग. ड्राइव्ह चकती एकाच गतीने फिरवतो, मिनिटाला ९,००० च्या वर फेरे. आतल्या बाजूला परीघ लहान, म्हणून तिथे साडेसहा-एक्सच मिळतात, आणि वाचन आतून बाहेर जातं तसा वेग वाढतो. तुमची राईट केलेली डीव्हीडी ६ ने सुरू होऊन १२ पर्यंत चढली, ती अगदी शिस्तीत चढली आहे.

आता ओरिजिनल. तिचं कारण दुहेरी आहे. सिनेमाच्या बहुतेक डीव्हीडी दोन थरांच्या असतात, ८.५ जीबीवाल्या. वरच्या थरापर्यंत किरण पोचावा म्हणून खालचा थर अर्धपारदर्शक ठेवतात, त्यामुळे परत येणारा प्रकाश १८ ते ३० टक्केच. एका थराच्या चकतीतून तो ४५ ते ८५ टक्के येतो. सिग्नल इतका क्षीण म्हणून ड्राइव्ह बनवणारे दोन थरांच्या चकतीला मुळातच ८एक्स किंवा १२एक्सची मर्यादा घालतात. ड्राइव्हच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरांत प्रत्येक प्रकारच्या चकतीचा वेग वेगळा दिलेला असतो.

त्यावर आणखी एक कुलूप असतं, त्याला रिपलॉक म्हणतात. कित्येक ड्राइव्हच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे आतल्या कायमच्या प्रोग्रॅममध्ये, लिहिलेलं असतं की चकती छापील आहे आणि तिच्यात व्हिडिओ आहे असं दिसलं तर वेग मुद्दाम कमी ठेवा. सिनेमा बघताना ड्राइव्ह विमानासारखा घरघरू नये हे एक, आणि भराभर कॉपी होऊ नये हे दुसरं. चकती कितीही लख्ख असली तरी या कुलपापुढे काही चालत नाही.

तुमच्याकडे एखादी छापील पण व्हिडिओ नसलेली डीव्हीडी आहे का? संगणक मासिकांबरोबर यायच्या तशी? ती वाचून बघा.

पर्वती_पायथा

मिळाली! भावाची मासिकं माळ्यावर होती. एका थराची छापील डीव्हीडी, सगळी सॉफ्टवेअर भरलेली. साडेसहाने सुरू झाली आणि शेवटी १५ च्या पुढे गेली, कुठेही न अडखळता. आणि सिनेमाच्या डीव्हीडीची माहिती इमगबर्नमध्ये उघडली तर थर २ लिहिलंय. म्हणजे तुमचं दोन्ही खरं.

ड्राइव्ह चांगला आहे, तर मग आईच्या डीव्हीडीच खराब होताहेत, असाच अर्थ ना?

चकतीवेडा

होय. म्हणून माझं ठाम मत आहे: सिनेमे तसेच राहू द्या, आज रात्रीपासून राईट केलेल्या चकत्या धरा. छापील चकतीत माहिती पॉलिकार्बोनेटमध्ये दाबून उमटवलेल्या खळग्यांत असते, वर ॲल्युमिनियमचा मुलामा. ती भौतिक आकृती आहे. नीट सांभाळली तर ती सहसा पुसली जात नाही. राईट केलेल्या चकतीत खळगे नसतात. तिथे सेंद्रिय रंगाचा थर असतो, रायटरच्या लेझरने तो जागोजागी भाजलेला असतो, आणि भाजलेल्या-न भाजलेल्या जागांतला फरक वाचायचा असतो. रंग ऊन, उष्णता, दमट हवा यांनी उतरत जातो आणि हा फरक पुसट होतो. खालून दिसणारी जांभळट झाक हीच त्या रंगाची.

आणि एक. सिनेमा दुकानातून दुसरा आणता येतो. २००६ चं अरंगेत्रम कुठून आणाल?

लग्नसराई

मी पुण्यात बरीच वर्षं लग्नाचं आणि कार्यक्रमांचं शूटिंग केलं, आता बंद केलंय. त्या डीव्हीडी कशा तयार व्हायच्या ते सांगतो, म्हणजे शेवटीच का अडतात ते कळेल.

शूटिंग मिनी-डीव्ही टेपवर. तासाला जवळपास १३ जीबी. एडिटिंग झालं की तीन तासांचा कार्यक्रम एका ४.७ जीबीच्या ब्लँकमध्ये बसवायचा, कारण गिऱ्हाइकाला एकच डीव्हीडी हवी असायची. म्हणजे सेकंदाला साडेतीन मेगाबिटच्या आत सगळं आलं आणि ब्लँक पार कडेपर्यंत भरली. लग्नसराईत पन्नास-पन्नासच्या बंडलातल्या ब्लँक, एका वेळी सात-आठ कॉपी काढणारा टॉवर, वेग १६ वर. राईट झाली की पहिली पाच मिनिटं टीव्हीवर लावून बघायची आणि द्यायची. तपासणी म्हणजे एवढीच; शेवटचा भाग कोणी बघत नसे. त्यावर नवरा-नवरीच्या फोटोचं कागदी लेबल चिकटवायचं, ते गिऱ्हाइकाला फार आवडायचं.

सगळ्यात महत्त्वाचं: टेप महाग होत्या. पुढच्या कामाला त्याच पुन्हा वापरल्या जायच्या. तेव्हा शूटिंगवाल्याकडे मूळ असेल अशी आशा ठेवू नका. तुमच्या हातातली चकती हेच मूळ.

पर्वती_पायथा

काका, हे माहीतच नव्हतं. आम्ही इतकी वर्षं समजत होतो की हवंच असेल तर त्यांच्याकडे टेप असतील. आता या चकत्यांकडे बघायची नजरच बदलली. मनापासून आभार.

चकतीवेडा, पुढे काय करू ते सविस्तर सांगा.

चकतीवेडा

लग्नसराई यांनी मोलाची माहिती दिली. वाचन आतून बाहेर होतं, म्हणजे कार्यक्रमाचा शेवट बाहेरच्या कडेला येतो. रंगाचा थर कडेला सगळ्यात कमी एकसारखा, बोटांचे ठसे कडेला, चकती वाकली तर जास्त हेलकावा कडेला, आणि जोरात राईट करताना लेझरची सगळ्यात जास्त धांदलही कडेलाच. कागदी लेबल सुकताना आक्रसतं आणि चकतीला किंचित वाटीसारखी ओढतं, वर तिचा तोलही बिघडवतं. ९,००० फेऱ्यांत एवढासा तोल गेला तरी किरण जागेवर राहत नाही. लेबल सोलून काढू नका. सोलताना चकतीवर जो ताण येतो तो लेबलापेक्षा वाईट.

वेग २ वर का बसला? डीव्हीडीवर माहिती ३२ किलोबाइटच्या गठ्ठ्यांत असते आणि प्रत्येक गठ्ठ्याबरोबर दुरुस्तीची जास्तीची माहिती आडवी-उभी गुंफलेली असते. थोड्याफार चुका ड्राइव्ह मुकाट्याने सुधारतो, आपल्याला पत्ताही लागत नाही. अशा चुकांची मोजणी होते. लागोपाठच्या आठ गठ्ठ्यांत २८० पर्यंत चुका प्रमाणात मानतात. लाइट-ऑन कंपनीचे ड्राइव्ह हा आकडा नीरो सीडी-डीव्हीडी स्पीड या प्रोग्रॅममध्ये दाखवतात, सगळे ड्राइव्ह दाखवत नाहीत. चुका सुधारण्यापलीकडे गेल्या की ड्राइव्ह गती कमी करून पुन्हा वाचायला जातो. वेगाचा आलेख खाली येतो तो याच वेळी. म्हणजे तुमच्या त्या बसकणीने ड्राइव्हने तुम्हाला आधीच सावध केलं होतं. त्यानंतर चकती वाचता आली नाही, एवढंच.

म्हणून कामाची पद्धत अशी ठेवा. पहिल्यापासून वेग ४एक्सवर बांधा. इमगबर्नच्या रीड मोडमध्ये खाली वेग निवडता येतो. लिनक्समध्ये इजेक्ट या आज्ञेलाच वेग सांगता येतो. ४एक्सने भरलेली चकती साधारण १४ मिनिटांत होते, १एक्सला ५७ मिनिटं लागतात. चांगल्या चकत्यांना जोरात वाचलं तरी चालतं, पण अशा जुन्या चकत्यांवर दहा मिनिटं वाचवून काय मिळवायचंय?

जी चकती अडते तिला विंडोजच्या साध्या कॉपी-पेस्टला कधीच देऊ नका. ते एका वाईट जागेवर डोकं आपटत बसतं आणि शेवटी सायक्लिक रिडंडन्सी चेकचा संदेश देऊन आधीची कॉपीही टाकून देतं. तिला लिनक्सवर डीडीरेस्क्यू हा खराब चकत्यांमधून माहिती वाचवणारा प्रोग्रॅम लावा. पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू केलं तरी पुरे, संगणकात काही बसवावं लागत नाही. त्याला सेक्टरचा, म्हणजे चकतीवरच्या माहितीच्या छोट्या तुकड्याचा, आकार २०४८ बाइट सांगायचा आणि एका नकाशा-फाइलचं नाव द्यायचं. पहिल्या फेरीत तो वाईट जागा ओलांडून जे सहज मिळतंय ते सगळं उचलतो आणि नकाशात काय राहिलं ते लिहून ठेवतो. मग फक्त राहिलेल्या जागांवर परत जातो. मध्येच बंद केलं तरी तो नकाशा बघून तिथूनच पुढे चालू करतो.

आता खरी गुरुकिल्ली. तोच नकाशा आणि तीच अर्धवट इमेज घेऊन चकती दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घाला आणि पुन्हा चालवा. प्रत्येक ड्राइव्हची लेन्स, लेझरची ताकद, फर्मवेअर वेगळं. एकाला न दिसलेले सेक्टर दुसरा सहज वाचतो असं पुष्कळदा होतं. दोन ड्राइव्हनी मिळून एक अख्खी चकती तयार होते.

औंधकर

दुसरा ड्राइव्ह कोणता घ्यावा? बाजारात आता फक्त ते पातळ यूएसबीवाले दिसतात.

चकतीवेडा

पातळ चालतात, पण डीव्हीडीला ८एक्सच मिळतो आणि ते यूएसबीच्याच विजेवर चालतात. लॅपटॉपच्या पोर्टमधून वीज कमी पडली तर चकती चांगली असूनही वाचनात चुका येतात. थेट पोर्टलाच लावा, हबमधून नको. जुना डेस्कटॉपचा जाडजूड ड्राइव्ह आणि स्वतंत्र १२ व्होल्टचा अडॅप्टर असलेली साटा-यूएसबी केबल ही जोडी मला जास्त भरवशाची वाटते. केबल तपकीर गल्लीत बघा. ड्राइव्ह जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी विचारा. जाताना एक छापील आणि एक राईट केलेली चकती आणि लॅपटॉप बरोबर न्या आणि तिथेच दोन्ही वाचून बघा. छापील वाचतो पण राईट केलेली ओळखत नाही असा ड्राइव्ह दिसला तर त्याचा लेझर थकलाय, घेऊ नका.

शनिपार

वाचनखूण साठवली. माझा प्रश्न व्हीसीडीचा. आजोबांच्या नाटकांच्या व्हीसीडी आहेत, दुकानातून घेतलेल्या, छापीलच. उघडल्या की .डॅट नावाची मोठी फाइल दिसते, ती कॉपी करायला गेलं की मध्येच चूक येते. पण तीच व्हीसीडी प्लेअरवर सुरळीत चालते, फार तर क्षणभर चौकोन चौकोन दिसतात. असं का?

मुळाकाठ

याचं उत्तर मी देतो, व्हीसीडी हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे.

१९९३ मध्ये व्हीसीडीचं मानक ठरलं तेव्हा सीडीत ७४ मिनिटांचं चित्र कोंबायचं होतं. साध्या डेटा सीडीत प्रत्येक सेक्टरमध्ये २०४८ बाइट माहिती आणि बाकीची जागा जास्तीच्या दुरुस्तीसाठी असते. व्हीसीडीने चित्राच्या सेक्टरमधली ही जास्तीची दुरुस्तीच काढून टाकली आणि २३२४ बाइट माहिती भरली. विचार असा की चित्रात एखादा ठिपका चुकला तर बिघडतं कुठे? प्लेअर ती चूक दाखवून पुढे जातो. संगणक मात्र फाइल कॉपी करताना एकही चूक सहन करत नाही, थांबतो. छापील असूनही व्हीसीडी कॉपी करताना रडवते त्याचं कारण हे.

त्यामुळे .डॅट ओढून घेऊ नका. आयसोबस्टर या प्रोग्रॅमने सेक्टर कच्चे उचला किंवा त्यातूनच थेट एमपेग फाइल काढा. चुकीच्या जागी काय करायचं ते त्याला सांगता येतं. वर सांगितलेला २०४८ चा आकार इथे लावू नका, तो डीव्हीडीसाठी आहे. चित्र ३५२ बाय २८८ चंच आहे, मोठं करून पुन्हा एन्कोड करायच्या फंदात पडू नका, काही हाती लागत नाही.

आणि सगळ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट: सीडी आणि व्हीसीडी लेबलच्या बाजूने मरते. सीडीत माहितीचा थर अगदी वर, लेबलच्या लगेच खाली, पातळ लाखेच्या आवरणाखाली असतो. बॉलपेनने जोर देऊन नाव लिहिलं की संपलं. डीव्हीडीत ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात आणि माहिती मधोमध असते. म्हणून डीव्हीडीला वरचा ओरखडा फारसा बाधत नाही, खालचा बाधतो, पण खालचा पॉलिश करून निघतो. पुसायची झाली तर मऊ सुती कापडाने मधून बाहेर सरळ पुसा. गोल गोल पुसलंत आणि ओरखडा उमटला तर तो मार्गाच्याच दिशेने पडतो, लांबलचक सलग माहिती जाते आणि दुरुस्तीला काही उरत नाही.

शनिपार

आयसोबस्टरने निघाली! पूर्ण नाटक मिळालं, दोन-तीन ठिकाणी क्षणभर चौकोन येतात, संवाद कुठेही तुटत नाही. आजोबा मोबाइलवर बघताहेत. खूप खूप धन्यवाद.

भांडारकर_रोड

ओरिजिनल सिनेमांच्या डीव्हीडीचं कुलूप कसं काढायचं तेही सांगा ना कोणी. इमेज काढून ब्लँकवर राईट केली तर प्लेअर घेतच नाही.

मुळाकाठ

प्लेअर का घेत नाही ते सांगतो. व्यावसायिक डीव्हीडीवर सीएसएस नावाचं संरक्षण असतं, त्याच्या ४० बिटच्या किल्ल्या चकतीच्या अगदी आतल्या, आपल्याला न दिसणाऱ्या भागात असतात. घरी मिळणाऱ्या ब्लँकवर तो भाग राईट करताच येत नाही, तशीच ती बनवलेली असते. म्हणून बिटला बिट कॉपी केली तरी किल्ल्या पलीकडे जात नाहीत आणि सगळं चित्र कुलपातच राहतं. शिवाय ८.५ जीबी ४.७ मध्ये मावत नाही ते वेगळंच.

कुलूप तोडायची रीत मी सांगणार नाही. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ आलं. हक्कांचा भंग करायच्या हेतूने असं संरक्षण मोडणं हा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. भारतात सिनेमाचा कॉपीराइट प्रकाशनानंतर ६० वर्षं चालतो. घरच्या आणि वर्गाच्या रेकॉर्डिंगला असलं कुलूप नसतं, म्हणून या धाग्यातलं सगळं तिथे बिनधास्त वापरा.

संपादक मंडळ

वरील भूमिकेशी सहमत. संरक्षण मोडण्याबद्दलचे प्रतिसाद या धाग्यावर राहणार नाहीत. घरगुती रेकॉर्डिंगची चर्चा चालू द्या, ती फार उपयुक्त होते आहे.

कोथरूड_डेपो

मुंजीच्या डीव्हीडी काढायला घेतल्या. दोन झाल्या. तिसरी छोटी आहे, ८ सेंटिमीटरची, मामाच्या हँडीकॅममधली. संगणक म्हणतो ब्लँक आहे. पण खालून बघितलं तर राईट केलेलं वर्तुळ स्पष्ट दिसतंय, आतला अर्धा भाग गडद आणि बाहेरचा फिका.

चकतीवेडा

ती पुसलेली नाही, फायनलाइज केलेली नाही. रेकॉर्डिंग झाल्यावर चकती बंद करायची असते, म्हणजे अनुक्रमणिका लिहिली जाते आणि मग बाकीची यंत्रं ती वाचू शकतात. ते राहिलं. मामांकडे तो हँडीकॅम अजून चालू असेल तर त्यातच घालून फायनलाइज करणं सगळ्यात सोपं. पण आधी आयसोबस्टरने इमेज काढून घ्या, कारण फायनलाइज म्हणजे त्या चकतीवर पुन्हा राईट करणं, आणि इतक्या वर्षांनी ते बिनघोर होईलच असं नाही. आयसोबस्टर अशा चकतीवरचं व्हिडिओ शोधून काढतो. संगणक जर ब्लँक म्हणून फॉरमॅट करू का विचारत असेल तर नाही म्हणा.

आणि फटीतून चकती आत ओढणाऱ्या ड्राइव्हमध्ये छोटी चकती चुकूनही घालू नका. ट्रे असलेलाच हवा, ट्रेमध्ये आतलं छोटं वर्तुळ त्याच्यासाठीच असतं.

कोथरूड_डेपो

मिळालं. मौजीबंधनाच्या मुहूर्ताची वीस मिनिटं! आजी आहे त्यात. तिचं चालतंबोलतं दुसरं काहीच आमच्याकडे नव्हतं.

पर्वती_पायथा

वाचून फार बरं वाटलं.

आता माझी बातमी. २००६ ची अडणारी डीव्हीडी लिनक्सवर लावली. वेग बांधल्यामुळे ज्या जागी आधी बसकण मारली होती तिथून बराच पुढे गेली. तरी शेवटी तिल्लान्याचा, म्हणजे कार्यक्रमाच्या अखेरच्या वेगवान नाचाचा, भाग राहिला. नकाशाच्या चित्रात लाल, म्हणजे न वाचलेला, पट्टाच दिसत होता. मग भावाच्या ऑफिसातून दुसरा जाड ड्राइव्ह आणला, त्यात तीच इमेज आणि तोच नकाशा घेऊन चालवलं आणि डोळ्यांदेखत लाल पट्टा तुकड्या-तुकड्यांनी हिरवा होत गेला. आता शेवटच्या टोकाला काही थोडे सेक्टर उरलेत, दोन्ही ड्राइव्हना ते मिळत नाहीत. अजून झगडू का?

आणि दुसरं, संगणकावर बघताना हात जोरात फिरले की कडांना कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेषा येतात. हे चकती खराब असल्यामुळे का?

चकतीवेडा

लाल पट्टा हिरवा होताना बघणं या कामातलं सगळ्यात मोठं सुख आहे. अभिनंदन!

उरलेल्यासाठी फार झगडू नका. चकती थंड होऊ द्या, एकदा अजून फेरी मारा, मग थांबा. एमपेग-२ मध्ये, म्हणजे डीव्हीडीवर चित्र दाबून साठवायच्या पद्धतीत, पूर्ण चित्र थोड्या-थोड्या अंतराने येतं, पाल (आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीच्या) डीव्हीडीत १५ फ्रेमच्या आत, आणि मधली चित्रं त्याच्या आधाराने बनतात. म्हणजे एक सेक्टर गेला तर डाग पडतो तो पुढचं पूर्ण चित्र येईपर्यंत, जास्तीत जास्त ०.६ सेकंद. फाइल तिथे फुटत नाही. तिल्लाना तसाच्या तसा दिसेल, एखाददुसरा क्षण थरथरेल.

रेषांचा चकतीशी संबंध नाही. त्या काळचा कॅमेरा सेकंदाला ५० अर्धी चित्रं घ्यायचा, एकदा विषम ओळी, एकदा सम. जुना टीव्ही ती तशीच दाखवायचा. संगणक दोन अर्धी चित्रं एकत्र मांडतो आणि हलणाऱ्या वस्तूच्या कडा फाटतात. एफएफएमपेग या व्हिडिओ बदलायच्या प्रोग्रॅममध्ये डीइंटरलेस करताना, म्हणजे अर्ध्या चित्रांची पूर्ण चित्रं करताना, सेकंदाला ५० फ्रेम ठेवा. बहुतेक जण २५ ठेवतात आणि हालचालीचा निम्मा हिशोब कायमचा फेकून देतात. नाचाच्या रेकॉर्डिंगमध्ये हे अजिबात होऊ देऊ नका; अडवूमधली (नाचाच्या मूळ हालचालींमधली) हाताची फेक, पायाचा आघात हे त्या ५० मध्येच आहे. विद्यार्थिनींना पाठवायची एमपी४ अशी करा, पण मूळ इमेज जशी आहे तशीच जपा. पुढे याहून चांगली सोय आली तर त्या इमेजमधूनच पुन्हा काढता येईल.

लग्नसराई

५० फ्रेमचं अगदी बरोबर. आम्ही नाच शूट करताना पायांसाठी वेगळा कॅमेरा लावायचो तो यासाठीच. ताई, वर्गाचे फोटो-लेबल असलेल्या आणखी डीव्हीडी असतील तर त्या आधी घ्या. रीराइटेबल वापरलेल्या असतील तर त्याही आधी. त्यांच्यातला प्रकाशही दोन थरांच्या चकतीइतकाच मंद परत येतो, जुन्या प्लेअरना तेव्हाच त्या जड जायच्या.

पर्वती_पायथा

लेबलवाल्या वेगळ्या काढल्या. रीराइटेबल दोनच आहेत, त्या उद्या घेते.

शेवटचा प्रश्न. सगळं झाल्यावर पुन्हा चांगल्या ब्लँकवर राईट करून ठेवू का? एम-डिस्कबद्दल वाचलं, सेंद्रिय रंग नसलेली, जास्त टिकणारी.

चकतीवेडा

एम-डिस्क चांगली आहे आणि मिळाली तर एक प्रत जरूर करा, मध्यम वेगाने राईट करून आणि लगेच तपासून. पण सगळी भिस्त चकतीवर ठेवू नका. सोनीने २०२५ च्या फेब्रुवारीत रेकॉर्डेबल ब्लू-रेचं उत्पादन थांबवलं. चकती टिकेल, पण वाचायला ड्राइव्ह मिळायला हवा.

दोन हार्ड डिस्क घ्या, एक तुमच्या घरी आणि एक भावाकडे. प्रत्येक इमेजची एमडी५ (फाइल बदलली तर लगेच कळावं म्हणून काढायची खूण) काढून एका मजकूर फाइलमध्ये लिहा. चकतीचं नाव, कार्यक्रमाची तारीख, कोणत्या ड्राइव्हमध्ये वाचली, किती सेक्टर राहिले हेही तिथेच लिहा. डीडीरेस्क्यूचा नकाशाही इमेजशेजारी राहू द्या, म्हणजे उद्या तिसरा चांगला ड्राइव्ह हाती आला तर राहिलेले सेक्टर तिथूनच मागता येतील. आणि चकत्या तोपर्यंत टाकू नका, उभ्या ठेवा, बाल्कनीच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात नको.

पर्वती_पायथा

फाइल आजच सुरू केली. पहिली नोंद: "वार्षिक कार्यक्रम २००६, दोन ड्राइव्ह मिळून वाचली, तिल्लान्याचा शेवट बघा." ३५ पैकी नऊ चकत्या झाल्या. कोणाला लिनक्सचा पेनड्राइव्ह करून हवा असेल तर व्यक्तिगत निरोप पाठवा. पर्वती, सहकारनगर, सदाशिव पेठ इथे मी आणून देईन.